गाळणी सांगते रक्तवाहिन्यांचे वय

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आपल्या समाजात वय मोजण्याची एक सुंदर रीत आहे. साठी पूर्ण झाली की षष्ट्यब्दीपूर्तीची शांत होते, पंचाहत्तरीला नातवंडे औक्षण करतात आणि ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. ही सर्व वये जन्मतिथीवरून मोजलेली असतात. परंतु प्रत्येक देहाला आणखी एक वय असते आणि ते कोणत्याही पंचांगात सापडत नाही. ते असते त्या देहातील रक्तवाहिन्यांचे वय. माणूस त्याच्या धमन्यांइतकाच म्हातारा असतो, असे वैद्यकात फार पूर्वीपासून मानले गेले आहे. ऐंशीचे आजोबा रोज पहाटे पर्वती चढून येतात आणि पंचेचाळिशीतील घरचा कर्ता पुरुष कचेरीतून परतताना रस्त्यात कोसळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'कालपर्यंत तर ठणठणीत होता हो', हे वाक्य त्या घराच्या ओसरीवर हमखास ऐकू येते. वस्तुत: तो ठणठणीत नव्हता. त्याच्या रक्तवाहिन्या त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षे धावत होत्या आणि त्याची वार्ता कोणी घेतलेली नव्हती.

मग प्रश्न असा, की हे दुसरे वय वाचायचे कुठे? हृदयाचा आलेख पुष्कळदा अखेरपर्यंत निर्दोष असतो. छातीत कळ येईपर्यंत थांबावे, तर फार उशीर झालेला असतो. या प्रश्नाचे एक उत्तर अशा ठिकाणी आहे, की ते ऐकून काहींना नाक मुरडावेसे वाटेल. ते उत्तर आहे लघवीत. आणि तेही डोळ्यांना अजिबात न दिसणाऱ्या, किंचितशा प्रथिनात.

या विषयाचा संकोच आपल्या पूर्वसूरींना नव्हता. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. कफज दहा, पित्तज सहा आणि वातज चार. मूत्राचा वर्ण, गंध, दाटपणा, स्निग्धता अशा लक्षणांवरून त्यांनी हे वर्गीकरण केले. मात्र येथे तारतम्य राखले पाहिजे. आज ज्या सूक्ष्म प्रथिनाची चर्चा करावयाची आहे, ते नजरेला, नाकाला वा स्पर्शाला कळणारे नाही. ते प्राचीन वैद्यांना ठाऊक होते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या पदरी नसलेले श्रेय बांधणे होय, आणि त्यांच्या खऱ्या श्रेयाला त्याची गरजही नाही. देह जे टाकून देतो त्याकडेही विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहावे, हा त्यांचा धडा आजही पुरेसा आहे.

चमचा आणि मेणबत्ती

आधुनिक काळातील ही कथा लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये सुरू होते. तेथे रिचर्ड ब्राइट नावाचे वैद्य होते. अंगावर सूज येऊन खाटेला खिळलेले अनेक रुग्ण त्यांच्यापुढे येत. ब्राइट त्या रुग्णांची लघवी चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरीत. निरोगी माणसाची लघवी तापून उकळते, एवढेच. परंतु या रुग्णांच्या लघवीत, अंडे उकडल्यावर आतला पातळ भाग जसा पांढरा होऊन गोठतो, तसा साका धरत असे. ते प्रथिन होते. त्यालाच अल्ब्युमिन म्हणतात आणि त्या नावाचे मूळ 'पांढरा' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. हे रुग्ण दगावल्यानंतर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे रोगट आढळत. 1827 साली ब्राइट यांनी हा संबंध ग्रंथरूपाने मांडला आणि पुढे शंभर वर्षे या विकाराला 'ब्राइटचा रोग' हेच नाव राहिले.

पण त्यांच्या निरीक्षणातील एक धागा त्याहून महत्त्वाचा होता. 1836 मध्ये त्यांनी नोंदवले, की मूत्रपिंडे बिघडलेल्या या रुग्णांपैकी अनेकांचे हृदयही वाढलेले, जाड झालेले असते. मूत्रपिंड पोटाच्या मागे आणि हृदय छातीत; मग एकाचे दुखणे दुसऱ्याला कसे भोवते? लहान रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयाला अधिक श्रम पडत असावेत, असा तर्क त्यांनी केला. रक्तदाब मोजण्याचे यंत्र दवाखान्यात येण्यापूर्वी कितीतरी दशके आधीचा हा तर्क होता. या धाग्याचे दुसरे टोक हाती यायला दीडशे वर्षे लागली.

तीस किलोमधले तीस मिलिग्रॅम

हे टोक समजण्यासाठी मूत्रपिंडाचे काम थोडे पाहिले पाहिजे. हृदयातून दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त बाहेर पडते आणि त्याचा सुमारे पाचवा हिस्सा मुठीएवढ्या दोन मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. त्यातून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. कार्यालयात पाण्याचे वीस लिटरचे जार ठेवलेले असतात, तसे नऊ जार भरतील एवढा. त्यातील जवळजवळ सर्व पाणी आणि उपयुक्त द्रव्ये देह परत शोषून घेतो आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतो.

आता अल्ब्युमिनचा हिशेब पाहा. हे प्रथिन यकृतात तयार होते. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे आणि अनेक द्रव्ये वाहून नेणे ही त्याची कामे. एक लिटर रक्तरसात ते साधारण चाळीस ग्रॅम असते. रक्त पुन:पुन्हा फिरत असल्यामुळे दिवसभरात या गाळण्यांसमोरून तीस किलोहून अधिक अल्ब्युमिन जाते. आणि निरोगी माणसाच्या लघवीत त्यातील किती सापडते? तीस मिलिग्रॅमहून कमी. म्हणजे दहा लाखांत एक भागही नाही. मानवाने बनवलेल्या कोणत्या गाळणीला असा काटेकोरपणा साधला आहे?

हा काटेकोरपणा तीन थरांमुळे येतो. बाहेरच्या बाजूला विशिष्ट पेशींची बोटे एकमेकांत गुंफलेली असतात, मध्ये एक दाट पडदा असतो आणि आत, थेट रक्ताला लागून, रक्तवाहिनीचे अस्तर असते. या अस्तरावर शर्करा आणि प्रथिने यांचा एक बुळबुळीत लेप असतो. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. अल्ब्युमिनवरही ऋणच असतो. समान भार एकमेकांना दूर सारतात, तसे अल्ब्युमिन मागच्या मागे लोटले जाते.

श्रोत्यांनी लक्षात ठेवावे ते या आतल्या अस्तराविषयी. ही काही मूत्रपिंडाची खास मालमत्ता नाही. हेच अस्तर हृदयाच्या धमन्यांत आहे, मेंदूच्या बारीक वाहिन्यांत आहे, डोळ्यांच्या पडद्यात आणि पायाच्या अंगठ्यातही आहे. मूत्रपिंडात ते झिजले, तर तेथे ते लघवीत ओघळणाऱ्या अल्ब्युमिनने मोजता येते. इतरत्र ते झिजले, तर मोजायला अशी सोय नाही. फरक एवढाच.

अंधारातला टप्पा

ब्राइट यांच्या चमच्याची जागा पुढे कागदी पट्टीने घेतली. लघवीत बुडवली की प्रथिन असल्यास तिचा रंग पालटतो. परंतु या नेहमीच्या पट्टीला एक मर्यादा आहे. दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास गळती होऊ लागल्यावरच ती भरवशाने बोलू लागते. निरोगी सीमा तीसची आणि पट्टीला दिसते ते तीनशेला! या दोहोंमधील टप्पा अंधारातच राहतो आणि रुग्णाला मात्र 'लघवी नॉर्मल' असा निर्वाळा मिळतो.

या अंधारात पहिला दिवा लावला तोही गाइज हॉस्पिटलमध्येच. 1963 साली तेथील हॅरी कीन आणि त्यांचे सहकारी क्लोव्हेराकिस यांनी प्रतिपिंडे आणि किरणोत्सर्गी खूण यांच्या साह्याने अल्ब्युमिनची अतिशय अल्प मात्रा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. 1982 मध्ये जानकार्लो व्हिबर्टी, कीन आणि त्यांच्या गटाने दाखवून दिले, की इन्सुलिनवर असलेल्या ज्या मधुमेहींत ही सूक्ष्म गळती होती, त्यांच्यातच पुढे मूत्रपिंडाचा उघड विकार प्रामुख्याने बळावला. 1984 मध्ये डेन्मार्कचे कार्ल एरिक मोगेनसेन यांनी प्रौढपणी मधुमेह झालेल्यांविषयी अधिक गंभीर गोष्ट सांगितली. ज्यांच्यात सूक्ष्म गळती होती, ते अधिक लवकर दगावत होते. पुढील पाहण्यांतून स्पष्ट झाले, की या मृत्यूंमागे मुख्यत: हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार होते. 1988 मध्ये जॉन युडकिन आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या इझलिंग्टन भागातील मधुमेह नसलेल्या लोकांतही हाच संबंध दाखवला.

म्हणजे गळती मूत्रपिंडात आणि घात हृदयात! ब्राइट यांच्यापुढचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1989 साली डेन्मार्कच्या स्टेनो रुग्णालयातील टॉर्स्टन डेकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर मांडले. लघवीतील अल्ब्युमिन हे केवळ मूत्रपिंडाच्या रोगाचे लक्षण मानू नये, देहभर पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या दोषाचे ते दर्शन आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. वैद्यकात तो 'स्टेनो सिद्धांत' म्हणून ओळखला जातो.

जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे चटकन उमगेल. माजघराच्या भिंतीला एका कोपऱ्यात ओल येते. मालक तेवढ्याच कोपऱ्याला चुना फासतो आणि निश्चिंत होतो. जाणता कारागीर मात्र म्हणतो, "मालक, साऱ्या घरातले नळ एकाच वर्षी घातले, त्यांतून पाणीही एकच वाहिले. इथला सडला तर बाकीचे कसे असतील, ते बघायला नको का?" लघवीतील अल्ब्युमिन ही त्या कोपऱ्यातील ओल आहे.

अस्तर झिजते म्हणजे काय होते?

रक्तवाहिनीचे अस्तर म्हणजे नळाच्या आतला निर्जीव मुलामा, असे पुष्कळ काळ समजले जाई. 1980 साली अमेरिकेचे रॉबर्ट फर्चगॉट यांनी हा समज मोडला. ससाच्या धमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करताना त्यांना आढळले, की अस्तर शाबूत असेल तरच विशिष्ट औषधाने धमनी सैलावते. अस्तर खरवडले गेले की तेच औषध तिला आवळते. अस्तरातून जो सैलावणारा निरोप जातो, तो नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूचा असतो, हे पुढे सिद्ध झाले. या कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील अतिरिक्त साखर, चढलेला दाब, तंबाखूतील विषे आणि सरणारी वर्षे या अस्तराला थकवतात. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, बुळबुळीत लेप विरळ होतो, चरबीचे कण भिंतीत शिरतात. यालाच रक्तवाहिन्यांचे वार्धक्य म्हणावयाचे.

वार्धक्याची दुसरी बाजू मोठ्या धमनीची आहे. तारुण्यात महाधमनी लवचीक असते. हृदयाचा प्रत्येक ठोका ती फुगून झेलते आणि पुढे रक्त संथ लयीत सोडते. वयाबरोबर तिच्यातील लवचीक धागे तुटतात, ती ताठर होते आणि न झेललेला धक्का थेट पुढच्या बारीक वाहिन्यांवर आदळतो. बहुतेक अवयव आपल्या वाहिन्या आवळून तो अडवतात. मूत्रपिंड आणि मेंदू यांना अखंड, भरपूर रक्त हवे असल्यामुळे त्यांचे दरवाजे सदैव उघडे असतात. म्हणून धक्का बसतो तो या दोघांना. वृद्धांच्या मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांचे विकार आणि लघवीतील अल्ब्युमिन ही अनेकदा जोडीने का आढळतात, याचे उत्तर ओ'रूर्क आणि साफार या संशोधकांनी 2005 मध्ये या ताठरपणात दाखवले.

निरोगी म्हणवणाऱ्यांचे काय?

येथे कोणी म्हणेल, की हे सारे मधुमेहींचे दुखणे झाले, आम्हाला त्याचे काय? याचे उत्तर नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहराने दिले आहे. 1997-98 मध्ये तेथील 28 ते 75 वर्षांच्या रहिवाशांना घरी बाटल्या पाठवून सकाळची लघवी मागवण्यात आली. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी ती पाठवली. ज्यांना मधुमेह नव्हता आणि ज्यांचा रक्तदाबही वाढलेला नव्हता, अशांतही शंभरात सहा-सात जणांमध्ये सूक्ष्म गळती आढळली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अल्ब्युमिनची मात्रा दुप्पट झाली, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 29 टक्क्यांनी वाढतो. 2010 मध्ये अनेक देशांतील दहा लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तीत आणखी एक गोष्ट दिसली. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे पाच मिलिग्रॅम अल्ब्युमिन असणाऱ्यांच्या तुलनेत दहा मिलिग्रॅम असणाऱ्यांचा मृत्यूचा धोकाही थोडा अधिकच होता, आणि तीसला तो दीडपटीहून जास्त झाला होता. म्हणजे तीस ही लक्ष्मणरेषा आपण सोयीसाठी आखली आहे. झीज तिच्या अलीकडेच सुरू झालेली असते.

आपल्या देशाला तर या विषयाची निकड अधिक आहे. ज्या युडकिन यांचा उल्लेख मघाशी झाला, त्यांचेच एक छायाचित्र 2004 मध्ये एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेजारी उभे होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचाही निर्देशांक 22.3. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत माता व अर्भके यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातून हेच दिसले, की भारतीय बाळ जन्मत: लहानखुरे असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. सडपातळ अंगकाठी ही आपल्याकडे निरोगीपणाची ग्वाही ठरत नाही. 'मी कुठे जाड आहे?' असे म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी हे छायाचित्र आठवावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे 35 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. यातील मूत्रपिंडे निकामी होणाऱ्यांसाठी 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस योजना सुरू झाली. ती आवश्यकच होती. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जोडून घेणारा कर्ता पुरुष, त्याच्यासोबत रुग्णालयाच्या बाकावर बसून राहणारी पत्नी आणि त्यापायी सुटलेली नोकरी, हे दृश्य ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना विचारा. ते म्हणतील, दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर!

आठ वर्षांचे दान

दहा वर्षांपूर्वी सांगितल्याने खरोखर काही साधते काय? साधते, आणि याचा पुरावा पुन्हा स्टेनो येथूनच आला. तेथे 1990 च्या दशकात मधुमेह आणि लघवीत सूक्ष्म अल्ब्युमिन असलेल्या 160 रुग्णांचे ऐंशी-ऐंशीचे दोन गट केले गेले. एका गटाला तेव्हाच्या रीतीनुसार नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटात साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांवर एकाच वेळी आणि चिकाटीने लक्ष देण्यात आले. सुमारे आठ वर्षांनी, 2003 मध्ये निष्कर्ष आला, की दुसऱ्या गटातील हृदयविकार, पक्षाघात आदी आघात जवळपास निम्म्यावर आले. प्रयोग संपल्यावरही या रुग्णांचा मागोवा घेतला गेला. एकवीस वर्षांनंतर, 2016 मध्ये दिसून आले, की नेहमीच्या उपचारांच्या गटातील 55 जण निवर्तले होते, तर दुसऱ्या गटातील 38. दुसऱ्या गटाचे आयुष्य सुमारे आठ वर्षांनी वाढले होते.

सज्जनहो, आठ वर्षे! नातीचे शिक्षण पूर्ण झालेले पाहण्याइतका हा काळ आहे. आणि त्यासाठी कोणताही चमत्कार करावा लागला नाही. ठाऊक असलेल्याच गोष्टी वेळेवर, एकत्र आणि नेटाने केल्या गेल्या.

औषधांचेही मोलाचे साह्य आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात सर्जिओ फेरेरा यांना 1960 च्या दशकात जे द्रव्य सापडले, त्याच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध जन्मले आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या कुळातील औषधे गाळणीवरचा दाब उतरवतात आणि अल्ब्युमिनची गळती कमी करतात. 2015 नंतर लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधांनी मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सावरतात, हे मोठ्या चाचण्यांतून दिसून आले. अर्थात कोणते औषध कोणाला द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार वैद्याचाच. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून दुकानातून गोळी आणणे, हा या देहावरचा अन्याय होय.

काय करावे?

प्रथम तपासणीविषयी. सकाळची पहिली लघवी थोडी द्यावयाची असते. तीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढतात. प्रयोगशाळेत तिला 'एसीआर' म्हणतात आणि तिचा खर्च काहीशे रुपयांच्या घरात असतो. प्रमाण एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे तीस मिलिग्रॅमहून कमी असावे. तीस ते तीनशे हा सूचनेचा टप्पा आणि त्यापुढे उघड विकार. मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ही तपासणी दर वर्षी करावी. साधारण तपासणीत 'प्रथिन नाही' असे लिहून आले, तरी त्यावर विसंबू नये. तो जुन्या पट्टीचा निर्वाळा असू शकतो. लघवीला फेस येतो का, हे पाहणेही कामाचे नाही. या सूक्ष्म गळतीला फेस येत नाही आणि जोराच्या धारेने निरोगी माणसाच्या लघवीलाही फेस येतो.

आता दुसरी बाजू. एकदा प्रमाण वाढलेले दिसले म्हणून हाय खाऊ नये. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, आदल्या दिवशी केलेला अतिश्रमाचा व्यायाम, स्त्रियांची मासिक पाळी यांनीही ते तात्पुरते वाढते. म्हणून तीन महिन्यांच्या अवधीत तीनदा तपासून दोनदा वाढलेले आढळले, तरच ते खरे मानतात. शिवाय ही सूचना आहे, शिक्षा नव्हे. ज्यांच्यात ती आढळते त्या सर्वांना हृदयविकार होतोच असे नाही आणि जिच्यात ती आढळत नाही अशा व्यक्तीलाही निष्काळजी राहण्याची मुभा नाही. या टप्प्यावर योग्य उपचार झाल्यास गळती पुष्कळदा कमी होते, कधी पूर्ववतही होते. उघड विकाराच्या टप्प्यावर ही आशा क्षीण होते.

दैनंदिन आचरणात मीठ हा पहिला शत्रू मानावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आपल्या ताटात डाव्या बाजूला लोणचे आणि पापड असतात, चहासोबत फरसाण येते आणि त्यावर पानात वेगळे मीठही वाढलेले असते. या मिठावर थोडा लगाम हवा. तंबाखू कोणत्याही रूपात नको. विडी-सिगारेटइतकीच ती मशेरीच्या रूपातही घरातल्या आयाबहिणींच्या देहात उतरते, हे आपण विसरतो. अंगदुखीवरच्या गोळ्या परस्पर, महिनोन्महिने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडाला जाचक ठरतात. औषधाची पद्धती कोणतीही असो, त्यात काय आहे हे ठाऊक नसलेले चूर्ण वा भस्म अनधिकारी माणसाकडून घेऊ नये. आणि रोज चालावे. चालण्याने रक्ताचा ओघ वाढतो आणि त्या ओघाच्या स्पर्शानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक निर्माण करते. रक्तवाहिनीला तिचे स्वत:चे औषध देण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

समारोप करताना पुन्हा त्या वयाच्या सोहळ्यांकडे वळू. घरात कोणाची साठी ठरते, तेव्हा मुले शाल, श्रीफळ, तीर्थयात्रा, सोन्याची अंगठी यांचा विचार करतात. ते सारे अवश्य करावे. त्याच आठवड्यात वडिलांना आणि आईलाही बरोबर घेऊन प्रयोगशाळेत जावे आणि एका छोट्या बाटलीची तपासणी करून आणावी. घरच्या बाईची तपासणी सर्वांत शेवटी आणि बहुधा कधीच नाही, ही आपल्याकडची रीत या निमित्ताने मोडावी. खरे तर साठीची वाटही पाहू नये. चाळिशीत ज्याला साखर वा रक्तदाब आहे, त्याच्याच घरी या सूचनेची गरज सर्वाधिक आहे.

आपण शतायुषी होण्याचा आशीर्वाद देतो. त्या शंभर वर्षांचा भार ज्यांना वाहावयाचा आहे, त्या रक्तवाहिन्या अनेक वर्षे आधीपासून हळू आवाजात काही सांगत असतात. तो आवाज ऐकण्याची विद्या आता आपल्या गावातल्या प्रयोगशाळेपर्यंत आली आहे. ऐकणारे मात्र आपणच व्हायला हवे.